सनाच्या कोचला मी सांगितलं

खालिदा, बाणकोटच्या धक्क्यावरून मी निघाले तेव्हा तू लहान होतीस. मुलगा माझ्या कडेवर, हे पुढं सामान घेऊन. आपली अम्मी रडली नाय. एवढंच बोलली, "तिकडं आजारी पडलीस तर कुणाला कळू देऊ नको. परत धाडतील."

तेच धरून राहिले. इथं दुबईत, जबल अली बंदराच्या कामावर ह्यांना चक्कर यायची. म्हणायचे, कंपनीला कळलं तर व्हिसा खलास. मी लिंबू-मीठ देत गेले. एक दिवस परांचीवरून पडले ते उठलेच नाय. मग मी लोकांच्या घरची भांडी घासून पोर वाढवलं.

त्याची मुलगी सना आता एकोणीसची. सात वर्षांची होती तेव्हापासून ऑस्ट्रेलियाचा फुटबॉल खेळते. चेंडू लांबट, हातानं ठोसायचा, लाथाडायचा, दुसरीच्या खांद्यावर चढून झेलायचा. तू फोनवर म्हणालीस, पोरीला खेळवता की मारामारीला धाडता? मी हसले होते.

ऑस्ट्रेलियाच्या एका क्लबची माणसं पोरी निवडायला यायची होती, शनिवारी. गुरुवारी सरावात सनाच्या डोक्याला कुणाचा तरी गुडघा बसला. घरी येऊन ओकली. दिवा लावला की डोळे मिटायची. डोक्याला लागलं तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत खेळायचं नाय, हा त्यांचा नियम. मी विचारलं तर म्हणाली, "आय ॲम फाइन, दादी. कोणाला सांगू नकोस. प्लीज."

दोन दिवस गप्प बसले. नमाजात किती रकाती झाल्या ते मोजताना चुकत होते.

शनिवारी मैदानात ती धावली ती तिरकी. मी उठले, चपलांसकट आत गेले. कोचला हिंदी नाय, मला इंग्रजी नाय. डोक्यावर हात मारला, तिच्याकडं बोट केलं, म्हटलं, "नो प्ले." त्यानं तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि तिला बाकावर बसवलं.

त्या माणसांनी दुसरी पोरगी नेली. मुलगा म्हणाला, "अम्मी, आधी मला सांगायचंस." खरं होतं त्याचं. पण त्यानं तिला खेळू दिलं असतं, ते मला ठाऊक होतं. सना महिनाभर माझ्याशी बोलली नाय. ताट वाढलं की उचलून खोलीत जायची.

आता परत खेळते, इथल्याच टीममध्ये. ऑस्ट्रेलियाहून परत कुणी आलं नाय.

मागच्या आठवड्यात सरावावरून आली, माझ्याजवळ बसली, सुजलेलं बोट पुढं केलं. "दादी, हर्ट्स." मी तेल गरम केलं.

तू विचारतेस, घरी कधी येणार. बाणकोट रोज आठवतं गं. पण घर हेच. इथं आता दुखलं की दुखतंय म्हणतात.