पहिली मागणी कोणाची?

हे सगळं असंच घडलं का, याची खात्री मी देऊ शकत नाही. माझी स्मरणशक्ती आता पूर्वीसारखी नाही. पत्नी म्हणते, पूर्वीही नव्हती. पण महाड-पोलादपूरच्या आमच्या व्यापारी मंडळात वीस-बावीस वर्षं सल्लागार म्हणून बसलो, आणि तिथे धोरणं कमी आणि किस्से जास्त साठले. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं, त्यात पीएचडी केली. एवढ्यावर मंडळाने मला बोलावलं. सरकारला द्यायच्या निवेदनात कुठली मागणी पहिली घालायची, हे मी ठरवायचं होतं. माझा सल्ला कोणी घेतल्याचं आठवत नाही. कदाचित घेतलाही असेल.

* * *

मंडळाचा एक अलिखित नियम होता. ज्याच्या दुकानात गेल्या पुराचं पाणी सर्वांत वर चढलं, तो सभेत पहिला बोलणार. अध्यक्ष नानाशेठ यांचं कापडाचं दुकान बाजारपेठेच्या अगदी खोलगट भागात, त्यामुळे पहिला मान कायम त्यांचा. सावित्रीतला गाळ काढा, ही त्यांची एकच मागणी.

हार्डवेअरवाले दिलीपशेठ त्यांच्यावर जळत.

एकदा ते उभे राहिले. "या वेळी माझ्याकडे माळ्यापर्यंत पाणी होतं."

"दिलीपशेठ," नानाशेठ शांतपणे म्हणाले, "तुमच्या दुकानाला माळा नाही."

"आता नाही. वाहून गेला."

* * *

प्राधान्यक्रम शास्त्रीय पद्धतीने ठरवावा, असं मला वाटलं. प्रत्येकाला दहा गुण दिले आणि सांगितलं, मागण्यांमध्ये महत्त्वाप्रमाणे वाटा. गाळ, वीज, एसटी स्टँड, रस्ते, असं सगळं फळ्यावर लिहिलं. ही पद्धत मी स्वतः वर्गात शिकवली होती.

प्रत्येकाने दहाच्या दहा गुण आपल्या दुकानासमोरच्या गटाराला दिले. गटार फळ्यावर नव्हतंच. दिलीपशेठनी अकरा दिले.

"अकरा कसे?"

"सर, एक माझ्या भावाचा. तो आज मुंबईला गेलाय."

पद्धतीत दोष होता की मी ती नीट समजावली नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

* * *

गाळ प्रत्यक्ष दाखवावा, म्हणून एका साहेबांना आम्ही दासगावला नदीवर नेलं. पात्रात गाळाची बेटं झाली आहेत, त्यावर झुडपं उगवली आहेत, असं नानाशेठनी गाडीत अर्धा तास ऐकवलं. वेळ मी साहेबांच्या सोयीने ठरवली होती. भरती-ओहोटीचा विचार केला नव्हता. खाडीचं पाणी तिथवर चढतं, हे जन्मभर नदीकाठी राहिलेल्या एकालाही त्या दिवशी आठवलं नाही.

पोचलो तर या काठापासून त्या काठापर्यंत नदी तुडुंब.

साहेबांनी बराच वेळ पाहिलं. "छान आहे. गाळ कुठाय?"

"खाली हाय," मागून कोणीतरी म्हणालं.

साहेबांनी पाण्याचा फोटो काढला, घरच्यांना पाठवला आणि गाडीत बसले.

* * *

आमच्यात पोलादपूरचे एकटेच सभासद म्हणजे गणपतदादा. हायवेला त्यांचं हॉटेल. रस्ता चौपदरी झाला आणि मधे सलग दुभाजक आला. मुंबईहून येणाऱ्या गाड्यांना हॉटेल समोर दिसे, पण ते पलीकडच्या अंगाला. पार पुढे जाऊन, वळून कोण येणार? गिऱ्हाईक निम्म्याहून कमी झालं. दुभाजकात एक वाट हवी, एवढंच त्यांचं म्हणणं. पण हॉटेल उंचावर. पुराचं पाणी तिथे येणं शक्यच नाही. त्यामुळे त्यांची बोलायची पाळी येईपर्यंत सभा चहावर उठलेली असे.

एका वर्षी ते आले ते थेट पहिल्या खुर्चीवर बसले.

"माझ्याकडं बी पानी आलं. गुडघ्याएवढं."

"पोलादपुरात? कुठून?"

"गच्चीवरची टाकी फुटली. समदं किचन भरलं."

दिलीपशेठ उसळले. "हे चालणार नाही. पाणी नदीचं पाहिजे."

"असं कुठं ठरलंय रे? पानी ते पानी." मग ते माझ्याकडे वळले. "सर, तुमी शिकलेले. सांगा, हाय का असा नियम?"

मी म्हणालो, दोन्ही बाजूंनी विचार करावा लागेल. तो होईपर्यंत चहा आला. गणपतदादांनी कप हातात धरला, पण प्याले नाहीत. "औंदा वाट नाय झाली तर दिवाळीला शटर ओढनार," ते हळूच म्हणाले.

* * *

त्याच वर्षी एक मोठे अधिकारी महाडला आले. आमचं पंधरा मागण्यांचं निवेदन मी तीनदा तपासलं होतं, तरी पाठ करून गेलो. साहेब उभ्याउभ्याच म्हणाले, "घाईत आहे. एकच सांगा. या महिन्यात होईल असं."

सगळ्यांनी नानाशेठकडे पाहिलं. ज्यांच्या दुकानात सर्वांत जास्त पाणी, ते बोलणार. गणपतदादा मागे भिंतीला टेकून चपला शोधायला लागले होते.

नानाशेठनी घसा साफ केला. "साहेब, पोलादपूरला दुभाजकात एक वाट द्या."

दिलीपशेठच्या हातातला पुष्पगुच्छ तसाच राहिला. साहेब म्हणाले, "बस, एवढंच?" आणि महिन्याच्या आत वाट झाली. गाळ होता तिथेच होता.

"नानाशेठ, हे काय केलंत?" मी विचारलं.

"सर, तुम्हीच म्हणता ना, धोरण सगळ्या तालुक्यांचं असावं."

मला फार बरं वाटलं. शेवटी कोणीतरी आपलं ऐकलं, असं मी पुढे कित्येक वर्षं चारचौघांत सांगत आलो.

गेल्या श्रावणात महाबळेश्वरहून येताना आंबेनळी घाटाची वळणं मला सोसली नाहीत. पोलादपूरला उतरलो तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी येत होती. गणपतदादांच्या बायकोने हॉटेलामागची खोली उघडून दिली. "पडा जरा, सर. गठ्ठ्यावर डोकं ठेवा, मऊ हाय."

खोली छतापर्यंत कापडाच्या गठ्ठ्यांनी भरली होती. प्रत्येक गठ्ठ्यावर नानाशेठच्या दुकानाचं नाव.

"हे इथे कधीपासून?" मी विचारलं.

"ह्ये? हाटेल बांधलं तवापास्नं. पाऊस लागायच्या आधी टेम्पोनं येतात, दसऱ्याला जातात. लग्नाचे शालू हायेत," ती पाण्याचा तांब्या ठेवत म्हणाली. "पावसात दुकानात नुसते पंचे ठेवतात त्ये."