खडकाचं बेट झालं तेव्हा
झरी गावची नवशी १९८७ साली लग्न होऊन किनाऱ्यावरच्या नरपडला आली, तोवर तिने समुद्र पाहिलाच नव्हता. एकदा थोरली जाऊ संगिता तिला ओहोटीला खडकावर कालवं काढायला घेऊन गेली. नवशीने मान वर केली, तर ज्या वाटेने चालत आल्या, ती पाण्याखाली गेली होती. चहूकडे समुद्र! तिची बोबडीच वळली.

“बाय, बुडलो आपण!”

“हा खडक बुडत नाही. पाणी उतरेपर्यंत बस,” म्हणत संगिताने भाकरीचं फडकं सोडलं.

किनाऱ्यावरून सासू हातवारे करत होती. आवाज पोचत नव्हता. नवशी थक्क झाली. कामाला बोलावूनही जाता येत नाही, असं आयुष्यात प्रथमच घडत होतं. ती पाय पसरून बसली.

पुढे कितीदा तरी, पाणी चढताना दिसूनही ती उठली नाही.