मले तर नाही येत

श्रावणात तापाने पडलो. उठलो तेव्हा नाक गेलेलं होतं. सर्दी नाही, काही नाही. पण लसणाच्या फोडणीत आणि साध्या पाण्याच्या वाफेत फरक उरला नव्हता. घरी बोललो नाही. चिखलीच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो, तिथं काय बोलतो तेवढंच.

मग एका सकाळी बायको म्हणाली, "अहो, मीटरपाशी काहीतरी जळून राह्यलं. वास नाही येत का तुमाले?"

"मले तर नाही येत," मी म्हटलं.

शब्द खरा होता. पण आपल्याकडे वास 'येतो'. माणसाला काही करावं लागत नाही, वासच चालत येतो. त्यामुळे मला आला नाही म्हणजे तो कुठून निघालाच नाही, असा त्याचा अर्थ झाला. आणि मी तो होऊ दिला. दुसऱ्या दिवशी मीटरची वायर काळी पडलेली दिसली. ती गुपचूप बदलून घेतली, जुनी फेकून दिली.

पुढे तिने दोनतीनदा असंच विचारलं. "भास होते तुले," मी म्हणालो.

"आईचं नाक रिटायर झालं, बाबा!" मुलगी हसली. बायकोही हसली. त्यानंतर ती पातेलीच माझ्यापुढे धरू लागली, "पाहा बरं, आंबलं का?" मी नाक खुपसायचो आणि सांगायचो, "चांगलं हाय." जे आपल्याला स्वतः कळत नाही ते आप्ताच्या, म्हणजे भरवशाच्या माणसाच्या, शब्दावरून कळतं, असं मी वर्गात शिकवतो. तिने तर स्वतःला कळत असलेलंही माझ्या शब्दावर सोडून दिलं.

परवा मी असंच 'चांगलं' म्हटलेलं वरण खाऊन मुलगी दिवसभर ओकत होती. "मले वास आला होता वो," बायको कपाळ बडवत म्हणाली, "म्हटलं, भासच असन!"

तिचा भाऊ मोताळ्याहून आला. "भाऊजी, बुलढाण्याले डोक्याच्या डॉक्टरले दाखवू हिले." ती निमूट साडी बदलायला उठली.

तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. ताप, नाक, वायर.

"काऊन खोटं बोलता माह्यासाठी?" ती म्हणाली. "कुठं हाय ते वायर?"

"फेकली."

"हाव," ती म्हणाली, लहान पोराला म्हणतात तसं.

मी फिनेलची बाटली उघडून नाकाशी धरली, छाती भरून श्वास ओढला. डोळ्यांतून पाणी आलं, पण चेहरा हलू दिला नाही. मेहुणा हसला. ती हळूच म्हणाली, "नाटक चांगलं जमते तुमाले." माझ्या नाकात काही नाही हे तिला दाखवायचं तरी कसं?

बुलढाण्याच्या एसटीत ती खिडकीशी बसली. पुढच्या ट्रकचा धूर सरळ आत येत होता, मला दिसत होता.

"वास येऊन राह्यला ना तुले?" मी विचारलं.

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"तुम्ही सांगा," म्हणाली.