प्रगती असमाधानकारक, आंबे उत्तम

पीएचडीला चार-पाच वर्षं लागली की थिसिस होवो न होवो, किस्से मात्र ढिगानं साठतात. आमच्या रिसर्च सेंटरवर चौघं चहाला बसली की त्यातले निम्मे परुळेकरसरांचे निघतात. सर आमचे गाईड. वाट दाखवायचे, पण ती वाट बहुतेक वेळा त्यांच्या जामसंड्यातल्या आंब्याच्या बागेकडेच जायची.

*

सर प्रकरण वाचत नसत, तोलत असत. बाजारात पापलेट उचलून बघावं तसं हातावर खालीवर करायचे आणि निकाल द्यायचे.

सुलभा माझ्याबरोबरच रजिस्टर झालेली. कट्टा गावच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची. तारकर्लीत होम-स्टे आल्यावर तिथल्या बायकांची कामं कशी बदलली, हा तिचा विषय. घरोघर फिरून तिनं पहिलं प्रकरण लिहिलं. सरांनी ते तोललं. "हलकं आहे गो. अजून अभ्यास कर."

पोरीनं एक अक्षर बदललं नाही. तेच प्रकरण जाड कागदावर छापलं आणि महिन्याभरानं नेऊन दिलं.

सर खूश. "आता कसं भरीव झालंय!"

*

पुढे सर म्हणाले, व्हॉट्सॲपवर पाठवत जा. एकदा घाईत सुलभानं दुसऱ्या प्रकरणाऐवजी घरच्या सत्यनारायणाची पत्रिका पाठवली. मिनिटभरात सरांचा रिप्लाय: "मांडणी ठीक. संदर्भ वाढवा."

तिनं मला फोन केला. "आता काय करू रे? खाली भटजींचो नंबर घालू?"

*

दर सहा महिन्यांनी आमची प्रगती बघायला समिती बसते. आमच्यातला तिसरा निलेश. त्यानं एक पान लिहिलेलं नव्हतं, पण सीझनला सरांच्या बागेत पेट्या भरायला पहिला हजर.

अध्यक्षांनी त्याला विचारलं, "काम किती झालं?"

"दोनशे पेट्या, सर," निलेश सवयीनं बोलून गेला.

आम्ही माना खाली घातल्या. अध्यक्ष खुर्चीत पुढे सरकले. "हापूस का?"

शेरा पडला, समाधानकारक.

*

सरांनी सुलभालाही बागेत बोलावलं होतं. ती चिडली की थेट मालवणीवर येते. "सर, माका जमाचा नाय. पेपर तपासूचे आसत."

त्या वेळी तिला शेरा पडला, असमाधानकारक. पुढच्या वेळीही तोच. तिसऱ्यांदा पडला की रजिस्ट्रेशन रद्द. तिच्या कॉलेजात कायम जागा निघणार होती आणि तिला पीएचडी लागत होती. म्हणजे नोकरीही गेली आणि इतक्या वर्षांची वणवणही.

निलेश तिला समजवायला गेला. "एक दिवस जावन ये गो. पेटये भरूक काय जाता तुजा?"

"माजा नाक जाता," ती म्हणाली.

मला सरांची तेव्हा चीड आली होती, आजही येते. निलेशची तर कीवसुद्धा येत नाही.

*

तिसऱ्या बैठकीला अध्यक्ष बदलले होते. बाहेरून एक मॅडम आल्या होत्या, चहासुद्धा नको म्हणणाऱ्या. सुलभाचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं सगळा मजकूर बाइंड करून आणला होता.

मॅडमनी सरांना विचारलं, "तुमचं मत काय?"

"असमाधानकारक," सर म्हणाले. "त्यातही तिसरं प्रकरण अगदीच सुमार. भाषा बोजड, विचार उसने. गावात पाऊल न टाकता लिहिलंय, हे पानोपानी कळतं."

"तुम्ही वाचलंय पूर्ण?"

"शब्द न् शब्द."

मॅडम सुलभाकडे वळल्या. "तुमचं काय म्हणणं?"

सुलभा उठून उभी राहिली. आवाज स्वच्छ होता.

"सर बरोबर बोलतायत, मॅडम. माझंही तेच मत होतं. पण सरांनी हट्टच धरला, की त्यांचा छापून आलेला लेख तिसरं प्रकरण म्हणून जसाच्या तसा घाल. खाली तळटीप दिली आहे."

मॅडमनी पान काढलं, तळटीप वाचली, सरांकडे बघितलं. मग पेनाचं टोपण काढून त्यांनी सरांनाच विचारलं, "मग हा शेरा कोणाच्या नावापुढे लिहू?"