नाक्यावर अडलेलं अस्वल

मी काही लेखक नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला मुलगा, एवढीच माझी लायकी. तेव्हा हे लिहिण्याचं धाडस करतो त्याबद्दल आधीच माफी मागतो. तर, आमच्या घरी एक अस्वल होतं.

ते बाबांनी बनवलेलं. मूल गावात बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. कोणाकडे न शिकता ते भंगारातून जनावरं घडवायचे. या अस्वलाच्या पोटात चेन नि फ्रीव्हील, अंगावर केसांसारखे काळे रंगवलेले अंबाडीचे धागे, नखं म्हशीच्या शिंगाची. पायडल फिरवलं की दोन पायांवर उठून पंजा मारायचं! ब्रह्मपुरीच्या आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ते दाखवू, असं मी सरांना सांगून आलो (त्यांनी विचारलं नव्हतं). आपलं काम चारचौघं बघणार म्हणून बाबांनी नवा सदरा शिवला.

अस्वल एस.टी.च्या टपावर. वाटेत जंगल खात्याचा नाका. नाकेदारानं गाडी थांबवली.

"कुठं मारलं हे?"

"मारलं नाही साहेब, बनवलं," मी म्हणालो.

अस्वल खाली उतरवलं. नाकेदारानं केस ओढले. "खरे आहेत?"

"खरेच वाटते ना?" बाबा खुलले.

"अन् नखं?"

"तेबी वाटते ना? थांबा, चालवून दाखवतो!"

"बाबा, नको!"

पायडल फिरलं. अस्वल उठलं आणि साहेबांची टोपी थेट शेजारच्या टपरीवरच्या चहाच्या पातेल्यात! सारी एस.टी. खदाखदा हसली. तिथंच बिघडलं.

कंडक्टर मध्ये पडला. "भाऊ, खेळणं हाय म्हणा ना, सुटून जाल!"

"हो, म्हण खेळणं," नाकेदार गुरगुरला.

बाबा तापले. "खेळणं काऊन म्हणू? अस्वल हाय ते!"

"सांग ना बे तुह्या बापाले!" कंडक्टर माझ्यावर खेकसला.

मी शिकलेला. मान ताठ करून म्हणालो, "अस्वलच आहे!"

झालं. अस्वल जप्त!

बाबांनी नाक्यावर खूप खेटे घातले. दर वेळी उत्तर एकच, "मोठे साहेब दौऱ्यावर आहेत." मग जाणं थांबलं. जनावरं बनवणंही थांबलं. दुकानात नुसते पंक्चर.

मी बी.ए. होऊन घरी बसलो होतो, तेव्हा धानाचा ट्रक चालवणारे रहीमचाचा ओरडतच आले. "अरे, तुमचं अस्वल नाक्यावर हाय! नाकेदार खुर्चीत बसून पायडल मारते, अन् अस्वल पंज्यानं फाटक उचलते!"

बाबांनी हातातली ट्यूब घासणं थांबवलं नाही. "चेनले तेल देते का तो नाकेदार?" एवढंच विचारलं.

घरातलं कोणीतरी सरकारी नोकरीत लागावं, ही आईची फार इच्छा होती. ती पूर्ण झाली. मी अजून अर्ज करतो आहे!