एका बोटाचं तोंड

ऐंशीच्या दशकात नागपूरच्या आमच्या कचेरीत चहापेक्षा खर्रा जास्त चालायचा. सुपारी, तंबाखू, चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटायचा आणि एकाने पुडी सोडली की चौघांनी हात पुढे करायचे. नाही म्हणणारा माणूस शिष्ट. मी शिष्ट नव्हतो. पुढे तिखट सोसेना, घास लहान करावा लागला. मी पोळी वरणात कुस्करून खाऊ लागलो आणि दातांना दोष देऊन मोकळा झालो.

मग पित्ताशयात खडे निघाले. कावीळ झाली, ताप उतरेना. ऑपरेशन टळणार नाही, असं सर्जन म्हणाले. आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई वॉर्डात आल्या.

"मोठ्ठा आ करा."

केला.

"अहो, मोठा."

"हाच मोठा आहे," मी चिडून म्हणालो.

खाटेजवळ उभी असलेली बायको म्हणाली, "घरी वरडतेत तवा त चांगलं उघडते!"

शेजारचे पेशंट हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला माझीच तीन बोटं एकावर एक धरून तोंडात घालायला सांगितली. एकच गेलं, तेही दातांना घासून. बायकोचा चेहरा उतरला. "अजी, हे कवापासून हाय? मले काहून नाही सांगतलं?" ती विचारत राहिली आणि मी पुन्हा दातांनाच दोष दिला.

बाईंनी सरळ सांगितलं, खर्ऱ्याने तोंड आतून आखडलंय. भुलीच्या औषधाने श्वास थांबतो, म्हणून घशातून श्वासनळीत नळी घालावी लागते. तोंड उघडत नाही, तर झोपवून ती घालता येणार नाही. नाकातून घालायची, तीही जागेपणी. ऑपरेशन नको म्हणावं तर खडे जीव घेणार, हो म्हणावं तर हे. इकडे आड, तिकडे विहीर. मी हो म्हणालो.

सकाळी टेबलावर माझे हात पट्ट्यांनी बांधले. नाकात, घशात बधिर करणारं औषध मारलं. एकाने गळ्यावर स्पिरिट फिरवलं. नळी गेली नाही तर इथे छेद घ्यायचा, असं तो दुसऱ्याला सांगत होता, जसा काही मी तिथे नव्हतोच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच.

बाई नळीच्या बाहेरच्या टोकाला कान लावून माझा श्वास ऐकत नळी आत सरकवत होत्या. एकदा ती अन्ननलिकेत गेली. मागे ओढली. मला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. पळून जावं म्हटलं तर जायला माझ्याजवळ मान हलवण्याएवढीही जागा नव्हती. मी भयंकर भ्यालो होतो.

"श्वास घ्या. आणखी एक. आता नाव सांगा तुमचं."

नाव कोण सांगतो? मी बायकोला हाक मारली. ती बाहेर व्हरांड्यातच बसली होती. अवं, मले घेऊन चाल इथून, मी जीव खाऊन ओरडलो. आवाजच निघाला नाही. पुन्हा ओरडलो. नुसती हवा.

"आवाज गेला!" बाई आनंदाने म्हणाल्या. "म्हणजे नळी स्वरयंत्रातून श्वासनळीत बरोबर बसली."

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मी मात्र भुलीची झोप लागेपर्यंत बायकोला हाका मारत होतो.