पांढऱ्या मालाचं गोदाम

वणीत राहून पांढऱ्या मालाचा धंदा करायचा म्हणजे माझं डोकं ठिकाणावर नाही, असं माहेरी आणि सासरी एकमताने ठरलं होतं. एरवी या दोन घरांचं कशावरच एकमत होत नाही. गाव कोळशाचं आणि मी करते कापसाच्या वाती. बायका वळतात, आम्ही पाकिटं भरतो, खोकी घरच्या माडीवर मावायची. मग नागपूरच्या एका व्यापाऱ्याने पहिल्यांदाच मोठी मागणी दिली. खोकी लाकडी पॅलेटवर, म्हणजे फळ्यांच्या बैठ्या चौकटीवर रचून, बांधून श्रावणापर्यंत ठेवायची. वात काळवंडलेली निघाली तर सगळा माल परत, हे त्याने तोंडावर सांगितलं. आता गोदाम लागणार होतं.

सासरे सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. मला न विचारताच त्यांनी चंद्रपूर रोडवरचं मित्राचं गोदाम ठरवून टाकलं. उंच छत, गुळगुळीत जमीन, ट्रक आत येईल एवढं शटर. पॅलेट ओढायची हातगाडी तिथे कुठेच अडली नसती.

मी म्हटलं, "बाबा, आधी तिथं कपडा वाळू घालून पाहते."

"गोदामात? कायले?"

वणीची बाई भाड्याचं घर बघायला गेली की आधी दोरी कुठे बांधता येईल ते बघते. धूळ कुठून येते ते वाळत घातलेले कपडेच सांगतात. मी एक ओली पांढरी चादर गोदामात अगदी आत टांगली आणि शटर लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी चादरीवरून हात फिरवला तर तळवा काळा. बाहेर कोळशाचे ट्रक दिवसरात्र धावत होते, बंद शटरला कोण विचारतो.

मग गावाच्या दुसऱ्या अंगाला, शेतांच्या बाजूची कापसातली सरकी काढायच्या जिनिंगची एक जुनी शेड पाहिली. छत बुटकं, पॅलेटवर पॅलेट चढणार नव्हतं, आणि दार अरुंद. पण चादर जशी टांगली तशीच पांढरी उतरली. दार रुंद करायला मालक तयार झाला. पॅलेट पसरून ठेवू, भिंतीपासून जरा दूर, म्हणजे ओल लागणार नाही, असं मी ठरवलं.

"अन् म्या शब्द देऊन बसलो, त्याचं काय?" सासरे म्हणाले. "लोक काय म्हणतीन?"

"शब्द तुमचा होता, माल माझा आहे," मी म्हटलं. आवाज चढलाच माझा.

 दुसऱ्या दिवशी सकाळी ते चप्पल घालून दाराशी उभे राहिले आणि मला चल म्हणाले. आम्ही त्यांच्या मित्राकडे गेलो.

"काहून, आमच्या गोदामात काय खोट हाये?" मित्राने विचारलं.

मी चादरीचं सांगणार, तेवढ्यात सासरेच बोलले. "खोट काही नाही. पण धंद्याची मालकीन आमची सून हाये. तिले नाही पटलं."

इतक्या वर्षांत हे त्यांनी घरातसुद्धा कधी म्हटलं नव्हतं. मला इतका अभिमान वाटला की परतताना मी रस्ताभर गप्प होते. तोंड उघडलं असतं तर रडू आलं असतं, आणि भर बाजारात ते मालकिणीला शोभलं नसतं.